हनुवटी खाली

रस्त्यावरचा दिवा लागला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून सतरा मिनिटं झाली होती. ही तेरा दिवसांपूर्वीची गोष्ट. दिवा मला दिसत नाही. पश्चिमेच्या खिडकीला दिवाळीनंतर माझ्या बायकोने, उषाने, जाड पडदा लावला आहे, धूळ येते म्हणून. पण पडदा वरच्या दांडीला नीट पोचत नाही, तिथे दोन बोटांची फट राहते, आणि खांबावरचा दिवा लागला की त्या फटीतून छतावर, पंख्याच्या शेजारी, एक पांढरी पट्टी उमटते. माझी मान खुर्चीच्या पट्ट्याने धरलेली असते, छत मला भरपूर दिसतं. पिंप्राळ्यातले हे दिवे अंधार पडायला लागल्याशिवाय कधी लागत नाहीत. आणि सूर्यास्त पाच त्रेचाळीसला, हे फ्रिजवर चिकटवलेल्या तिथीच्या कार्डावर छापलेलं आहे, मी ते कार्ड चाळीस वर्षं पाठ करत आलो आहे. छतावर पट्टी, आणि घड्याळात पाच सतरा. उषाने चमचा पुढे केलेला. माझं तोंड उघडं. त्या उघड्या तोंडानेच मला कळलं की सूर्य केव्हाच मावळला आहे, आणि मी, पारसमल, वयाच्या नवव्या वर्षापासून सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेतलेला माणूस, मुगाचा शिरा

हनुवटी खाली.

गिळला.

हनुवटी खाली हे धुळ्याच्या आहाराच्या मॅडमनी शिकवलं. प्रत्येक घासाला हनुवटी छातीला टेकवायची, मग गिळायचं, म्हणजे घास श्वासाच्या वाटेला कमी जातो. माझी मान आता आपण होऊन वाकत नाही, म्हणून उषा डाव्या हाताने पट्टा सैल करते, तळवा माझ्या डोक्यामागे ठेवते आणि म्हणते, हनुवटी खाली. मग थांबते. गळ्याचा मणी वर जाऊन खाली आला की पुढचा चमचा. एका घासाला दीड मिनिट, कधी दोन. वाटीभर शिऱ्याला पावणेदोन तास. मी आयुष्यभर जेवण दहा मिनिटांत उरकलं. माझ्या डाळीच्या मिलवर, उभ्यानेच. आता मधल्या वेळेत डोक्यात येतं ते येऊ देतो, पण कुठलीही आठवण पुरी होत नाही, मध्येच चमचा येतो. सावद्याला आमचं किराणा दुकान होतं, दुकानाच्या वर आम्ही राहायचो, आणि त्या वर्षी महासतीजींचा, म्हणजे आमच्या साध्वींचा, चातुर्मास समोरच्या जैन स्थानकात होता. बाईने, म्हणजे माझ्या आईने, मला पुढे ढकललं. महासतीजी म्हणाल्या, काय सोडशील? मी म्हणालो, गोळ्या-बिस्किटं. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, गोळ्या कुणीही सोडतं, रात्र सोडून बघ. मला ते फार मोठं वाटलं, रात्र सोडणं, म्हणजे अर्धं आयुष्यच बाजूला ठेवून द्यायचं, आणि मी हात जोडून

हनुवटी खाली.

जोडून हो म्हणालो. त्यानंतर पन्नास वर्षं. मित्रांची लग्नं, रात्रीच्या पंगती, मी कोपऱ्यात कोरड्या तोंडाने बसलेलो. लातूरचा एक दलाल होता, दरवेळी म्हणायचा, "पारसशेठ, घड्याळ जरा मागे घ्या की! आम्ही कुणाला सांगतोय?" मी म्हणायचो, घड्याळ मागे घेता येतं, सूर्याचं काय करू? या उत्तरावर मी इतका खूश असायचो की दरवर्षी तेच द्यायचो.

आज तेरावा दिवस. तेरा दिवस मी छतावरची पट्टी बघतो आणि खातो. उषाला वाटतं मला माहीत नाही.

मला सगळं उलटं जोडता आलं, एका चमच्यानंतर. दिवाळी झाल्यावर ती स्टुलावर चढली होती. म्हणाली, "सेल बदलते." माझी पाठ तेव्हा घड्याळाकडे होती. मग पडदा. मग खुर्चीची जागा बदलली, घड्याळ समोर, खिडकी मागे. मग टीव्ही हॉलमध्ये नेला, बाईला प्रवचन ऐकायला सोपं म्हणून. दिवस लहान व्हायला लागले होते, रोज मिनिटभराने; माझं गिळणं मंदावत होतं, आठवड्याला पाच-सात मिनिटांनी. दोन्हींच्या मध्ये वाटीत शिरा उरायचा. आधी दोन घास, मग पाव वाटी, मग अर्धी. चार वाजता बसवलं तर मी पुरता जागा नसतो, दुपारच्या जेवणाने दमून गेलेला असतो, घास तोंडातच राहतो. सूर्यास्ताला ती वाटी बाजूला ठेवायची, मी ओठ मिटायचो, आणि वजन उतरायचं. मग उतरायचं थांबलं. पंचेचाळीस मिनिटं तिने कुठून आणली हे मी विचारलं नाही, मला वाटलं मी बरा गिळतो आहे. हे खरं सांगायला लाज वाटते. मला वाटलं होतं की मी थोडा बरा होतो आहे.

हनुवटी खाली.

हे बरं होणारं नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर पाठीच्या कण्याचं चित्र काढून सांगितलं की हालचालीच्या नसा एकेक करून विझत जातात, कळणं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. ते "शाबूत" त्यांनी चांगली बातमी असल्यासारखं म्हटलं. माझी सगळ्यात आधी जीभ गेली. खरं तर त्याआधी दात गेले, म्हणजे दात जागेवर आहेत, चावण्यातला जोर गेला. माझं सगळं काम दातावर चालायचं. तुरीचा दाणा दाढेखाली धरायचा आणि फोडायचा. कट असा कोरडा आवाज आला तर माल घ्या. नुसता दबला तर ओल आहे, परत पाठवा. मिलवर ओल मोजायचं यंत्र आलं तेव्हासुद्धा शेतकरी म्हणायचे, यंत्र राहू द्या, शेठ, तुम्ही चावून सांगा. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये एका सकाळी मी दाणा फोडला आणि आवाज आला नाही. दुसरा फोडला. तिसरा. मी म्हणालो, माल ओला आहे. यंत्र म्हणालं, कोरडा. पुतण्या, अर्हम, माझ्याकडे बघत राहिला. "काकासा, परत चावून बघा." मी सगळी पोती परत पाठवली. तो शेतकरी एरंडोलहून आला होता, टेम्पो भाड्याचा होता. त्याचा माल चांगला होता. ओला झालो होतो तो मी.

आज सकाळची गोष्ट सांगायची आहे, पण आधी धुळ्याची सांगतो, नाहीतर ही कळणार नाही. उषाचं माहेर धुळ्याचं, आग्रा रोडला तिच्या भावाचं कापडाचं दुकान, म्हणून आहाराच्या मॅडम धुळ्याच्या. लहान वयाच्या, भराभर बोलणाऱ्या. पहिल्या भेटीत बाईपण बरोबर होती. मॅडम म्हणाल्या, "वरणाचं पाणी, मुगाचं पाणी, ताक, चहा, सगळं पातळ बंद. दाट द्या. चमचा तिरका केला तरी हळूहळू सरकेल इतकं दाट. आणि तूप, लोणी, साय, हात आखडू नका. यांचं शरीर बसल्या बसल्या जास्त जाळतं." बाई म्हणाली, "आजाऱ्याला तूप? आमच्यात आजाऱ्याला मुगाचं पाणी देतात, बेटा." मॅडम म्हणाल्या, "आजी, पातळ पटकन पळतं आणि चुकीच्या दारात शिरतं. बरं, भरीत खातात का? मऊ असतं." उषा म्हणाली, "आमच्यात वांगं चालत नाही." मॅडम पेन थांबवून बघत राहिल्या. "खान्देशात राहून?" मी हसलो होतो तेव्हा. माझं हसू तेव्हाही उशिरा थांबायला लागलं होतं, सुरू झालं की

हनुवटी खाली.

थांबायचंच नाही. बाईला ते दाट काही पटलं नाही. बाईने पर्युषणात अठाई केली, वय ब्याऐंशी, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. नवव्या दिवशी पारणं. घर माणसांनी भरलेलं, तिला पाटावर बसवलेलं, चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी. पहिला चमचा तिने घेतला. दुसरा चमचा घेऊन ती उठली, कुणाला काही कळायच्या आत माझ्या खुर्चीपाशी आली आणि म्हणाली, "पारस, ले, आठ दिन रो पुण्य है." मला मान हलवता येत नव्हती, ओठ मिटता येत होते. मिटले नाहीत. आठ दिवस उपाशी राहिलेल्या आईचा चमचा होता तो. मुगाचं पाणी पळालं आणि चुकीच्या दारात शिरलं. नऊ दिवस दवाखाना, सहा किलो गेले. त्यानंतर बाई माझ्या जेवणाच्या वेळी या खोलीत आली नाही. सूर्य कलला की काठी घेऊन स्थानकात प्रतिक्रमणाला, दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायला, निघते. ती घड्याळ बघत नाही, आकाश बघून निघते. दिवाळीनंतर ती लवकर का निघायला लागली, याचं मला आश्चर्य वाटलं होतं. पावणेपाचलाच कशी निघते?

दवाखान्यानंतर मॅडम नळीबद्दल बोलल्या. पोटाला छोटं भोक पाडून नळी बसवतात, तिच्यातून दाट-पातळ सगळं थेट पोटात, वीस मिनिटांत जेवण. "आजार थांबत नाही," त्या म्हणाल्या, या वेळी हळू बोलत होत्या, "पण भुकेने झिजणं थांबतं. आणि श्वासाचा आकडा पन्नासच्या खाली गेला की बसवणं धोक्याचं. तुमचा त्रेपन्न आहे. फार दिवस नाहीत." मी डोळे मिटले. माझ्या भाषेत मिटलेले डोळे म्हणजे नाही, वर बघणं म्हणजे हो. त्या म्हणाल्या, "चवीपुरतं जिभेवर ठेवता येईल." मी मिटलेलेच ठेवले. तोंड सोडून मी जेवणार नव्हतो. हात गेले, पाय गेले, आवाज गेला, तेव्हा कुणी मला विचारलं नव्हतं. तोंडाचं विचारत होते, म्हणून मी नाही म्हणालो. परतीच्या वाटेवर पारोळ्याला उषा म्हणाली, "ठीक आहे. तोंडाने तर तोंडाने. मी वेळ काढीन."

मी वेळ काढीन. तेव्हा मला वाटलं ती कामातून वेळ काढणार आहे.

हनुवटी खाली.

आता सकाळची. बेबाबाई मला आंघोळ घालायला येते, शिंदखेड्याकडची, हातात पैलवानाचा जोर. मला खुर्चीत उचलून ठेवताना रोज म्हणते, "चाला नवरदेव, बठा घोडावर." आज केस पुसता पुसता तिने घड्याळाकडे बघितलं आणि आपला मोबाईल काढला. "भाभी, तुमनं घड्याय मांगे शे वो! मना मोबाईलमा पावणेदहा व्हयनात, आठे नऊच."

उषा दारात होती. "सेल संपला असेल. बघते मी," ती म्हणाली.

"अन् आज बी उपास? सोमवारना उपास, बुधवारना उपास, आज शुक्रवार बी? देव बी मधमा दम खास, भाभी!"

"हळू बोल," उषा म्हणाली. "ते जागे आहेत."

बेबाबाई माझ्याकडे बघून डोळा मारून हसली. मी टॉवेलाखाली होतो. टॉवेलाखाली सगळं एका जागी आलं. गेल्या रविवारी मिलवर वजनाला नेलं होतं मला. खुर्चीसकट पोत्यांच्या काट्यावर चढवतात, खुर्चीचं वजा करतात. अभिमन हमाल आकडा ओरडला, "सत्तेचाळीस दोनशे! भाऊ, मांगला आठवडाइतलंच शे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हमालांनीसुद्धा. मग तो म्हणाला, "भाभी, तुम्ही बी चढा ना." उषा नको नको म्हणत चढली. एक्कावन्न. श्रावणात छप्पन्न होती. ती म्हणाली, काटा बिघडलाय. अभिमन म्हणाला, "आते तं बराबर व्हता!" मी ते ऐकलं आणि सोडून दिलं, माझ्या सत्तेचाळीस दोनशेच्या आनंदात.

करणं, करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्हींचा दोष सारखा, महासतीजी सांगायच्या. मी खातो. ती खाऊ घालते. रोज पंचेचाळीस मिनिटं सूर्याकडून चोरून ती मला खाऊ घालते, आणि दिवसाआड उपाशी राहून फेडते. माझ्या अंगावर टिकलेलं वजन तिच्या अंगावरून उतरलेलं आहे. आणखी एक गोष्ट. मला भरवताना तिचे ओठ हलतात. लहान मुलाला भरवताना आईचं तोंड उघडतं तसं असेल, असं मी महिनाभर समजत होतो. आज दुपारी मी नीट बघितलं, तेव्हा हलत नव्हते. म्हणजे दुपारी हलत नाहीत. आता हलताहेत. ओठ मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. मि. च्छा. मि. मिच्छामि दुक्कडं. माझं केलेलं वाईट खोटं ठरो. प्रत्येक चमच्याला एकदा.

हनुवटी खाली.

छतावर पट्टी आली. घड्याळात पाच अठरा. वाटीत तीनच घास उरलेत, वर तूप गोठायला लागलंय. तिने चमचा पुढे केला आणि मी ओठ मिटले.

"काय झालं? ठसका?"

डोळे मिटले. नाही.

"दमलात? थांबू?"

नाही.

तिने चमचा खाली ठेवला आणि आमची वर्णमाला सुरू केली. ती एकेका ओळीचं पहिलं अक्षर म्हणते, माझी ओळ आली की मी वर बघतो, मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. "क? च? ट? त?" वर. "त? थ?" पहिलंच. "त. काना? पहिली वेलांटी? दुसरी? पहिला उकार? दुसरा?" वर. "तू. मी काय?"

मी चमच्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग चमच्याकडे.

"मी खाऊ?" ती हसली. "मला भूक नाही अहो. तुमचं होऊ द्या."

मी ओठ उघडले नाहीत. शरीरातली ही एकच गोष्ट अजून माझ्या हुकमात आहे. मला काही उघडं पाडायचं नव्हतं. तिने एक घास खावा, एवढंच. पण चमचा पुढे होऊन थांबलेला बघितला तेव्हा मला कळलं मी तिला कुठे उभं केलं आहे. उपवास आहे म्हणाली तर कशाचा, आज ना आठम, ना चौदस. रात्र झाली म्हणाली तर मला इतके दिवस काय भरवलं. आणि घड्याळात पाच अठरा, सूर्य अजून वर असल्यासारखी तिने ही खोली सजवलेली. तिला नाही म्हणायला एकही जागा नव्हती. मी ओठ उघडायला हवे होते. मी उघडणारच होतो. माझं सगळंच उशिरा होतं.

तिने घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, उषाने चमचा आपल्या तोंडात घातला. धुळ्याच्या बाफणांची मुलगी, सात वर्षांची असल्यापासून जिने रात्री पाणी घेतलं नाही, दोन बाळंतपणांतसुद्धा घेतलं नाही. तिने शिरा तोंडात धरला. ओठ एकदा हलले. आणि तिने हनुवटी छातीला टेकवली. तिचा गळा धडधाकट आहे, तिला त्याची काही गरज नव्हती. हजारो घासांची सवय. हनुवटी खाली केली आणि डोळे मिटून गिळलं. मग वर बघून म्हणाली, "गोड झालाय."

मला रडू आलं की ते थांबत नाही, हासुद्धा आजाराचाच भाग आहे. तिने ते आजाराचंच समजून पुसलं. मी वर बघत राहिलो, वर, वर, ती म्हणाली, काही सांगायचंय? वर. "क? च? ट? त?" वर. "त, थ, द, ध, न?" वर. न. मग "य? श?" करत शेवटपर्यंत गेली. "ह? ळ?" वर. तिचा आवाज बदलला. "पहिली वेलांटी? दुसरी?"

वर.

"नळी," ती म्हणाली. "नळी? बसवायची? नक्की?"

वर. पंखा, पट्टी, वर.

ती उठली. वाटी हातात, पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. "मग उद्याच निघू धुळ्याला. मॅडम म्हणाल्या होत्या, कधीही या. अर्हमला गाडीचं सांगते, आत्ताच करते फोन, सहा वाजून गेले, तो मिलवरून निघाला असेल आता..."

थांबली.

घड्याळात पाच पंचवीस झाले होते.

तिचा हात मोबाईलवर तसाच राहिला. ती घड्याळाकडे बघत नव्हती, माझ्या डोळ्यांकडे बघत होती, माझे डोळे घड्याळाकडे जाताहेत का ते. मी नेले नाहीत. मी छतावरच्या पट्टीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, तिलाही मान वर करून बघावी लागेल इतका वेळ. तिने बघितली. फट बघितली, पट्टी बघितली. मग फार हळू विचारलं, "कधीपासून?"

तेरा म्हणायला वर्णमाला दोनदा लागते, आणि शिरा निवत होता.

मी तोंड उघडलं.

ती उभीच होती. बाहेर बाईच्या काठीचा आवाज नव्हता, तिला परतायला अजून वेळ होता. मग ती बसली. पडद्याकडे हात नेला आणि परत घेतला. वाटीच्या तळाला दोन घास उरले होते. एक तिने मला दिला, तळवा माझ्या डोक्यामागे. दुसऱ्याला तिचा चमचा माझ्याकडे निघाला आणि मी ओठ मिटले. तिने तो खाल्ला. या वेळी तिचे ओठ हलले नाहीत.

"हनुवटी खाली," ती म्हणाली. माझ्या तोंडात आधीचा घास अजून तसाच होता.

आम्ही दोघांनी खाली केली.